तिकिटाचा जलसा

गाणे ऐकायला जायचे म्हटले की तुम्ही काय करता? वर्तमानपत्रातली जाहिरात पाहता, बुवा कोण आहेत ते पाहता, तिकिटाचा दर वाचून क्षणभर कपाळाला आठ्या घालता, आणि मग तिकीट काढून वेळेवर जाऊन बसता. हल्ली तर तिकीट घरबसल्या फोनवरही निघते. यात काही विशेष घडले असे तुम्हांला वाटत नाही. परंतु दीडशे वर्षांपूर्वी आपल्या पणजोबांना जर कोणी सांगितले असते की, अमक्या बुवांचे गाणे आहे, चार आणे टाका नि आत या, तर ते हसले असते. कदाचित रागावलेही असते. गाणे ही काय मंडईतली भाजी आहे, की पैसे मोजले आणि पिशवीत घेतले?

हा राग समजून घ्यायला हवा, कारण आज मी तुम्हांला जी हकीकत सांगणार आहे तिची सुरुवात तिथून होते. त्या काळी गाणे होई ते संस्थानिकाच्या दरबारात, सरदाराच्या वाड्यात, सावकाराच्या घरच्या लग्नमुंजीत, देवळातल्या उत्सवात किंवा गाणारणीच्या माडीवर. देऊळ सोडले, तर या सगळ्या ठिकाणी आमंत्रण लागे. आमंत्रण नसले की तुम्ही वाड्याबाहेर उभे. आत बुवा गात असत, आणि बाहेर रस्त्यावर माणसे भिंतीला कान लावून उभी राहत. गवयाला बिदागी मिळे, शालजोडी मिळे, मालक खूश झाला तर हातातले कडेही मिळे. पण हे सारे मालकाच्या मर्जीवर. मालक गप्पा मारू लागला तरी बुवांनी गात राहायचे, आणि मालक उठला की गाणे संपायचे. कलेची कदर करणारे संस्थानिक पुष्कळ होते, हे मी नाकारीत नाही. मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर, बडोदे या संस्थानांनी गवई पोसले नसते तर आज आपल्याकडे गाणे उरले नसते. पण पोसणे हाच शब्द पाहा ना. गवई हा आश्रित होता. आणि आश्रिताला पंक्तीत कुठे बसवायचे हे यजमान ठरवितो.

पैसे देऊन करमणूक पाहायची सवय आपल्या लोकांना लावली ती नाटकवाल्यांनी. विष्णुदास भावे यांनी सांगलीहून आपली मंडळी मुंबईस आणली आणि १८५३ साली ग्रँट रोडवरच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. मौज अशी की, त्याच साली बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी सुटली. म्हणजे तिकीट काढून बसायचे, आणि शेजारी कोण येऊन बसतो ते आपल्या हाती नाही, या दोन्ही गोष्टी मुंबईकर एकाच वर्षी शिकला! पुढे १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, आणि नाटक म्हणजे मुख्यतः गाणे अशी स्थिती झाली. पिटात बसणारा माणूस रागाचे नाव सांगू शकत नसे, पण जागा चुकली की त्याला कळे, आणि रंगली की तो ‘वन्समोअर’ देऊन तेच पद पुन्हा म्हणायला लावी. दरबारातल्या गवयाला कोणी हुकूम करी तो मालक म्हणून. हा हुकूम करणारा मात्र चार-आठ आण्यांचा धनी होता! पुढे जो तिकीट काढणारा श्रोता गवयांना लाभला, त्याचे कान नाटकाच्या पिटात तयार झाले होते, असे माझे मत आहे. हस्तपत्रके वाटणे, चौकात फलक लावणे, कंत्राटदाराशी भाडे ठरविणे, या विद्याही नाटकमंडळ्यांनीच आपल्याकडे रुजविल्या.

नाटक आणि जलसा यांच्या मध्ये आणखी एक पायरी होती, ती वर्गणीची. मुंबईत १८७० साली कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने पारशी गायन उत्तेजक मंडळी निघाली. पुण्यात १८७४ साली गायन समाज स्थापन झाला. कोल्हापुरात १८८३ च्या सुमाराचा देवल क्लब तर अजूनही नांदतो आहे. वर्षाची वर्गणी भरायची नि सभासद म्हणून गाणी ऐकायची, अशी ही रीत. पुढे संगीतशास्त्राचा एवढा मोठा डोंगर उपसणारे पंडित भातखंडे १८८४ साली याच पारशी मंडळीत दाखल झाले. वकील, मास्तर, सरकारी नोकर असा शिकलासवरला वर्ग गाण्याकडे वळला तो या क्लबांमुळे. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण क्लब म्हणजेही एक लहानसा दरबारच. दार उघडे असे ते सभासदाला. रस्त्यावरच्या माणसाचा प्रश्न सुटला नव्हता.

तो सोडविण्याचा पहिला मोठा उद्योग ज्याने केला, तो कुरुंदवाडचा एक मुलगा होता. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ सालचा. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळे अधू झाले, शाळा सुटली, आणि डोळ्यांचे काम गळ्याने करावे म्हणून मुलाला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाती सोपविले. बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे थोर गवई. मिरजेच्या राजेसाहेबांचा विष्णूवर लोभ होता. आणि मग ती गोष्ट घडली, जी त्यांचे सगळे चरित्रकार सांगतात. गावात एक सार्वजनिक समारंभ होता. त्याचे बोलावणे शिष्याला आले. गुरूला आले नाही. विष्णूने विचारले, बुवांना का नाही? उत्तर मिळाले ते अशा अर्थाचे, की त्यांना कशाला, ते तर गवई!

वाचकहो, या एका उत्तरात त्या काळची सगळी स्थिती आली की नाही? ज्यांच्या गाण्यासाठी संस्थाने जीव टाकीत, त्यांना गावच्या सभेत खुर्ची नव्हती. १८९६ साली विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. बरोबर दोन-चार सोबती आणि तंबोरे. सातारा, बडोदे, ग्वाल्हेर असे करीत ते सौराष्ट्रात गेले, आणि तिथे त्यांनी दरबाराच्या बाहेर, तिकीट लावून, कोणालाही येता येईल असा जलसा केला. दर नाममात्र होता. हिंदुस्थानी संगीताच्या नामांकित गवयाने केलेला असा जाहीर जलसा बहुधा हाच पहिला, असे अभ्यासक मानतात.

दर नाममात्रच ठेवायचा होता, तर गाणे फुकटच का नाही केले? देवळात फुकट गाता आलेच असते. परंतु फुकट गाण्यात श्रोता पाहुणा असतो, आणि पाहुण्याला कोणी काही बोलू शकत नाही. तो उशिरा येईल, पान चघळील, शेजाऱ्याशी सोयरिकीच्या गोष्टी करील. तिकिटाने दोन्ही बाजूंना बांधून घेतले. तुम्ही पैसे दिलेत, तर छापलेल्या वेळेला गाणे सुरू झालेच पाहिजे, असे तुम्ही म्हणू शकता. आणि मी छापलेल्या वेळेला गायला बसलो आहे, तर तुम्ही गप्प बसून ऐकले पाहिजे, असे गवई म्हणू शकतो. विष्णु दिगंबरांचा वेळेबद्दलचा आणि शिस्तीबद्दलचा कडकपणा प्रसिद्ध आहे. गवई म्हणजे व्यसनी, लहरी, उधार मागणारा, ही लोकांची समजूत त्यांना मोडायची होती. ती मोडायला तोंडी उपदेश काय कामाचा? ते स्वतः स्वच्छ कपड्यांत, घड्याळाच्या ठोक्याला मंचावर येऊन बसत.

आणि दुसरे असे की, तिकिटाच्या खिडकीवर जात विचारीत नाहीत, वाडा विचारीत नाहीत. आठ आणे दिले की जहागीरदार आणि त्याचा कारकून एकाच गाण्याचे धनी. मागची-पुढची जागा असेल, पण तान दोघांच्याही कानांवर तीच पडणार.

५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या खजिन्यावर नव्हे, लोकांच्या पैशावर चालणारी संगीताची शाळा! हा पैसा यायचा कुठून? थोडा देणग्यांतून, थोडा फीमधून, आणि उरलेला सारा जलशांतून. शाळेचा वर्ग संपवून गुरुजी गाडीत बसत, आज या शहरी तर उद्या त्या शहरी गात, आणि जमलेली रक्कम आणून शाळेच्या खर्चाला लावीत. १९०८ साली शाळा मुंबईत आली. शाळेचा स्वतःचा छापखाना होता, वाद्ये दुरुस्त करण्याचा कारखाना होता, ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिक होते. आजच्या भाषेत ज्याला आपण प्रचाराची यंत्रणा म्हणू, ती या अधू डोळ्यांच्या माणसाने एकट्याच्या हिमतीवर उभी केली होती.

अनोळखी माणसांना दोन-तीन तास जागेवर बसवून ठेवायचे, तर कार्यक्रमाची मांडणीही वेगळी हवी. दरबारातला जाणकार एक राग दोन तास ऐकेल. तिकीट काढून आलेला गुजराती व्यापारी किंवा पंजाबी वकील ऐकेलच असे नाही. म्हणून विष्णु दिगंबरांच्या जलशात ख्याल असे, विद्यार्थ्यांचे गाणे असे, आणि शेवटी भजन असे. जुन्या खोडांनी नाके मुरडली. गाणे बाजारात नेले, पातळ केले, असे आक्षेप आले. त्या आक्षेपात मुळीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. रागाचा संथ विस्तार ऐकायचा तर बैठकच हवी, हे आजही खरे आहे. पण ज्यांनी आक्षेप घेतले त्यांच्या बैठकीचे दार बंद होते, आणि ज्यांच्यावर घेतले त्यांचे उघडे. शिवाय त्या भजनांवरून गाण्याकडे वळलेली माणसे पुढे ख्यालही ऐकू लागली, हे विसरून कसे चालेल?

मात्र या मार्गाची किंमत जबर होती. मुंबईत सँडहर्स्ट रोडवर शाळेची मोठी इमारत उठली, ती कर्जावर. कर्ज फेडायचे तर जलसे हवेत. जलसे करायचे तर सतत फिरती हवी. आणि फिरतीवर असताना शाळा कोणी पाहायची? त्यातच बुवांचे मन रामनामाकडे ओढ घेऊ लागले. पैसे देणाऱ्यांना धीर निघेना. १९२४ साली ती इमारत धनकोंच्या हाती गेली. लोकांना तिकीट काढायला शिकविणाऱ्या माणसाला स्वतःचे घर तिकिटांतून सोडविता आले नाही! नाशिकला जाऊन ते रामनाम आधाराश्रमात राहिले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत वारले. जिथून निघाले, तिथेच परत. पण पाहा, त्यांनी तयार केलेली माणसे इमारतीवर अवलंबून नव्हती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हे सारे शिष्य जलशाच्या त्याच वाटेने गेले. देवधरांनी मुंबईत १९३६ साली जिना हॉलमध्ये संगीत परिषद भरविली, तिच्यात अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा गायला, आणि रातोरात त्याचे नाव शहरभर झाले. तो मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. वाड्यातल्या बैठकीत तो गायला असता तर त्याचे नाव त्या वाड्यापुरते झाले असते.

मिरजेशी नाते जडलेला दुसरा माणूस म्हणजे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. त्यांचेही जन्मसाल १८७२ असेच सांगतात. जन्म उत्तरेतल्या कैराना गावचा, पण कर्मभूमी बडोदे, मिरज, पुणे, बेळगाव, धारवाड. त्यांनी पुण्यात १९१३ साली आर्य संगीत विद्यालय चालू केले. गरीब मुलांना ठेवून घ्यायचे, जेवू घालायचे, शिकवायचे, आणि खर्च भागवायला तिकीट लावून जलसे करायचे. म्हणजे हिशेब तोच. पण स्वभावात केवढा फरक! विष्णु दिगंबर शिस्तीने माणसे जिंकीत. खाँसाहेबांचा सूर लागला की शिस्तीची आठवणच कोणाला होत नसे. त्यांनी नाट्यपदे गायली, ठुमरी गायली, कर्नाटक संगीतातले सरगम आपलेसे केले. टिपू नावाचा एक कुत्रा त्यांनी पाळला होता आणि तो त्यांच्या सुरात सूर मिळवी, असे सांगतात. त्या टिपूला घेऊन त्यांनी कार्यक्रमही केला म्हणे! जाणकारांना हे रुचले नसेल. पण विद्यालयातल्या मुलांच्या ताटात भाकरी पडायची होती, आणि लोक कशाला गर्दी करतात हे खाँसाहेब ओळखून होते.

त्यांच्या कीर्तीला आणखी एक वाहन मिळाले, ते म्हणजे ग्रामोफोन. ओडियन कंपनीने १९३० नंतर काढलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका हॉटेलांतून आणि घरांघरांतून वाजू लागल्या. तीन-साडेतीन मिनिटांत गाणे ते काय होणार, अशी शंका तेव्हा पुष्कळांनी घेतली. झाले उलटेच. तबकडीवर तीन मिनिटे ऐकून चटावलेला माणूस तीन तास ऐकायला तिकीट काढू लागला. खाँसाहेबांचा शेवटही फिरतीवरच झाला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना प्रकृती बिघडली म्हणून ते सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनवर उतरले आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या नावाने दरवर्षी उरुसात गाणे होते. तिथे मात्र तिकीट नाही. मोठमोठे गवई तिथे हजेरी लावतात ती सेवा म्हणून.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. पुरुष गवयाला सभेत खुर्ची नव्हती, तर गाणाऱ्या बाईची काय कथा! तिचे गाणे ऐकायला मोठमोठे लोक जात, पण ऐकून आलो असे घरी सांगत नसत. गोव्याच्या कलावंत घराण्यांतून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या स्त्रियांनी अल्लादिया खाँसाहेबांकडून ती अवघड विद्या मिळविली, ती किती कष्टांनी आणि किती बोलणी ऐकून, हे त्यांचे त्यांना माहीत. या स्त्रियांना तिकिटाच्या जलशाचा आधार पुरुषांपेक्षाही मोठा होता. कारण जाहीर जलशाला कुटुंबासह जाता येई.

इथे नाव घ्यायला हवे ते हिराबाई बडोदेकर यांचे. त्या अब्दुल करीम खाँसाहेब आणि ताराबाई यांच्या कन्या. जन्म १९०५ चा. आईने मुलांना घेऊन वेगळा संसार थाटला, आणि हिराबाईंची तालीम मुख्यतः वहीद खाँसाहेबांकडे झाली. १९२१ च्या सुमारास, वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, विष्णु दिगंबरांनी मुंबईत भरविलेल्या संगीत परिषदेत त्या गायल्या. पुढे तिकीट लावून जाहीर जलसे करणारी पहिली स्त्री गायिका म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. पदर सावरून, डोळे मिटून, कोणतीही अदा न करता त्या तंबोऱ्यांमध्ये बसत, आणि पहिला सूर लागला की श्रोत्यांतल्या बायामाणसांनाही वाटे, ही तर आपल्यातलीच कोणी! मध्यमवर्गातल्या मुली पुढच्या काळात गाणे शिकू लागल्या आणि मंचावर बसू लागल्या, त्यांच्यासाठी वाट अशी सोपी झाली. हिराबाईंना लोक ‘गानहिरा’ म्हणू लागले ते उगीच नव्हे.

एवढे सगळे झाले तरी जलसा म्हणजे फायद्याचा धंदा असे समजू नका. थिएटरचे भाडे, दिवाबत्ती, हस्तपत्रकांची छपाई, तबलजी आणि सारंगिये किंवा पेटीवाले यांची बिदागी, परगावच्या बुवांचा उतारा, त्यांचे नि त्यांच्या शिष्यांचे जेवणखाण. त्यावर १९२३ साली मुंबई इलाख्यात करमणूक कर बसला. पावसाने दगा दिला, किंवा शेजारच्या थिएटरात बालगंधर्वांचा खेळ लागला, की रिकाम्या खुर्च्या मोजीत बसायचे. आणि सर्वांत मोठा शत्रू कोण, ठाऊक आहे? फुकट पास! ज्याला तिकीट घेणे सहज परवडते तोच माणूस पास मागतो, आणि पास मिळाला की पहिल्या रांगेत उशिरा येऊन बसतो, हा अनुभव संगीताचा जलसा करणाऱ्या कोणालाही विचारा. त्याला दरबारातले आमंत्रण हवे असते. तिकिटात त्याला मान वाटत नाही.

फुकट गाण्याची एक मोठी परंपरा मात्र आपल्याकडे आहे, आणि तिला नावे ठेवण्याची माझी छाती नाही. सार्वजनिक गणेशोत्सव! मुंबईत गिरगावात आणि पुण्यात पेठांपेठांतून रस्त्यावर सतरंज्या अंथरल्या जात नि नामांकित गवई रात्री-रात्री गात. त्यांची बिदागी भागे वर्गणीतून. चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा माणसांत राहणाऱ्या गिरणी कामगाराने किंवा कारकुनाने मोठे गाणे प्रथम ऐकले ते इथे. म्हणजे तिकिटाने जे दार उघडले, त्याच्याही बाहेर उभा राहिलेला माणूस होताच, आणि त्याची सोय गणपतीबाप्पाने केली.

मग आला रेडिओ. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुण्याचे केंद्र १९५३ साली निघाले. घरबसल्या फुकट गाणे ऐकू येऊ लागले, आता जलशाला कोण जाणार, अशी भीती तेव्हा व्यक्त झाली होती. आकाशवाणीच्या पुस्तिकेत आकाशवाणीची तरफदारी केली असे तुम्ही म्हणाल, तरीही सांगतो: ती भीती खोटी ठरली. संस्थाने विलीन झाली, दरबार मिटले, आणि गवयांपुढे अंधार पसरला, नेमक्या त्या वेळी रेडिओने त्यांना काम दिले. १९५२ साली संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला; १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलने भरू लागली, त्यांत गवयांसमोर निमंत्रित श्रोते बसत. नभोवाणी मंत्री डॉ. बा. वि. केसकर यांच्या काही निर्णयांवर, विशेषतः सिनेगीतांच्या बाबतीत, बरीच टीका झाली, आणि ती सगळीच अनाठायी नव्हती. पण खेड्यातल्या शाळामास्तरला ज्यांची नावे कळण्याचा मार्ग नव्हता, ते गवई त्याला आवाजावरून ओळखू येऊ लागले. आणि मग तो मास्तर कधी पुण्याला आला, की त्या गवयाला डोळ्यांनी पाहायला तिकीट काढू लागला.

तो कुठे जाई, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यात वारले. पुढच्या वर्षी, १९५३ साली, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी आणि इतर मंडळींनी गुरूच्या पुण्यतिथीनिमित्त गाणे केले. तोच पुढे सवाई गंधर्व महोत्सव झाला. तो भरविणाऱ्या संस्थेचे नाव आर्य संगीत प्रसारक मंडळ. नाव ऐकून खाँसाहेबांच्या जुन्या विद्यालयाची आठवण होते ना? सुरुवात लहान होती. गवयांना बोलावणे, त्यांची ने-आण करणे, कोण कोणानंतर गाईल ते ठरविणे, यात भीमसेनजी स्वतः राबत. त्यांच्या शब्दाखातर भारतातले थोर कलावंत इथे येत. आणि सगळ्यांचे गाणे झाल्यावर, पहाटे, ते स्वतः गायला बसत. पुढे रेणुका स्वरूप प्रशालेच्या नि रमणबागेच्या पटांगणात हजारो माणसे थंडीत शाली-घोंगड्या पांघरून रात्रभर बसत. खुर्ची महाग, जमिनीवरची भारतीय बैठक स्वस्त. त्या स्वस्त बैठकीतला श्रोता हाच महोत्सवाचा खरा कणा, असे मला नेहमी वाटत आले आहे. तान पसंत पडली की तिथून दाद उठे, आणि नाही पडली की तिथलीच माणसे चहा प्यायला उठत. मोठमोठ्या कलावंतांना या चहाचा धाक होता!

२०११ साली भीमसेनजी गेले, आणि महोत्सवाला त्यांचेही नाव जोडले गेले. त्याच्या काही वर्षे आधी आणखी एक बदल झाला होता. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला बंदी झाली. खास परवानगी काढून एखाद्या दिवशी बारापर्यंत मुभा मिळते, एवढेच. शेजारच्या घरात आजारी माणूस असतो, परीक्षेला बसलेले मूल असते. नियमाला नावे कशी ठेवणार? पण उघड्या पटांगणातली रात्र मिटली, आणि रात्रीबरोबर मध्यरात्रीनंतरचे राग गेले. दरबारीने रात्र चढवावी, आणि उजाडता उजाडता ललत ऐकून घरी जावे, तो क्रम आता मोठ्या जलशात जुळून येत नाही. म्हणून काही मंडळींनी पहाटेच्या निराळ्या बैठकी सुरू केल्या आहेत. सकाळी सहाला सुरुवात, त्यांचीही तिकिटे आदल्या दिवशीच संपतात. विष्णु दिगंबरांच्या हस्तपत्रकावर जलसा किती वाजता सुरू होईल ते ठळक छापावे लागे, कारण लोकांना वेळेवर यायची सवय नव्हती. आताच्या पत्रिकेवर गाणे किती वाजता संपेल तेही छापलेले असते, आणि मंचाच्या बाजूला संयोजक हातातले घड्याळ पाहत उभा असतो.